उंचीप्रमाणे रांग लावा!

रत्नागिरीत आज सकाळपासून पाऊस नुसता कोसळतोय. ऐकणाऱ्यांना मागे पत्र्यावरचा आवाज येत असेल, तो गोड मानून घ्या. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

मागच्या भागानंतर एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगू नका म्हणालाय, म्हणून सांगत नाही. "बाई, मी आठवीत आहे. परिपाठाला उंचीप्रमाणे रांग लावतात तेव्हा मी सगळ्यात पुढे असतो. सहावीतली मुलं पण मला बारक्या म्हणतात. घटक चाचणीत पण कमी पडले. मी असाच राहणार का?" शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं. आजचा भाग त्याच्यासाठी. आणि खरं सांगू का, त्या रांगेत सगळ्यात मागे उभ्या असणाऱ्यांसाठीपण.

आधी शरीराचं बघू. वयात येण्याचे बदल मुलींमध्ये साधारण आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होतात, मुलांमध्ये नऊ ते चौदा. यातलं काहीही लवकर नाही की उशिरा नाही, सगळं ठीकच. म्हणजे बघा, तेरा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग घेतला तर त्यात कुणाला मिसरूड फुटलेली असते आणि कुणाचा आवाज अजून पाचवीतलाच असतो. दोघांचं वय सारखं, बाक एकच. मुली साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढतात, म्हणून आठवीच्या फोटोत मुली ताई दिसतात आणि मुलं धाकटे भाऊ. मुलांची उंची ज्या वर्षी सुटते त्या एका वर्षात ती आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकते. जूनला घेतलेली पँट दिवाळीत आखूड होते ती तेव्हाच.

उशिरा वाढणं पुष्कळदा घराण्यातच असतं. तेव्हा घरी बाबांना, मामाला विचारा, "तुम्ही कितवीत उंच झालात?" उत्तर ऐकून बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडतो. मुलाला चौदा किंवा मुलीला तेरा पूर्ण झाली आणि एकही बदल दिसत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं. त्यात लाजायचं काही नाही, आणि जाहिरातीतल्या उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवायचे नाहीत.

आता एक गोष्ट, आपल्याच जिल्ह्यातली. दापोलीजवळचं मुरुड, म्हणजे जंजिऱ्याचं नव्हे बरं का, हर्णै बंदराजवळचं. तिथला एक मुलगा, धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858. अंगाने बारीक, स्वभावाने भयंकर लाजाळू. 1875 च्या सप्टेंबरात त्याला सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती पास झालं की मास्तरकी मिळायची. नियम असा की वय सतरा पूर्ण हवं. समुद्र खवळलेला, मुंबईची बोट मिळेना. दुसरं केंद्र साताऱ्याला. म्हणून हा आणि याचे काही मित्र चालत निघाले. शंभर मैलांहून जास्त वाट, भर पावसात, सह्याद्री चढून. आज आपण चिपळूणहून कुंभार्ली घाटाने एसटीत बसून जातो तरी घाटात पोटात ढवळतं. ही पोरं चार दिवसांत पायी पोचली.

आणि तिथे काय झालं? परीक्षा समितीच्या प्रमुखांनी कर्व्यांकडे बघितलं आणि म्हणाले, हा सतराचा दिसत नाही. प्रवेश नाही! वय होतं सतरा वर्षं पाच महिने. पण दिसत नव्हतं ना. झालं, हात हलवत परत.

मला या गोष्टीतलं चालणं कधीच सगळ्यात मोठं वाटलेलं नाही, जरी पुस्तकात तेवढंच रंगवून सांगतात. मला तो परतीचा रस्ता दिसतो. सोबतचे मित्र परीक्षेला बसणार, आणि हा नाही. तेही अभ्यास कमी पडला म्हणून नाही, तर चेहरा लहान दिसला म्हणून. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना असा अपमान बरोब्बर समजतो.

पुढच्या वर्षी त्यांनी तीच परीक्षा कोल्हापूरला दिली आणि पास झाले. पण सगळंच उशिरा होत गेलं. मॅट्रिक 1881 ला, म्हणजे तेविसाव्या वर्षी! 1884 ला बी.ए., विषय गणित. 1891 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. आणि 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढलं तेव्हा वय अठ्ठावन्न. महर्षी कर्वे म्हणतात ते हेच. 1958 ला भारतरत्न मिळालं तेव्हा शंभर वर्षांचे होते.

थांबा, म्हणजे उशीर झाला की माणूस महर्षी होतो असं मला अजिबात म्हणायचं नाही. मला एवढंच म्हणायचंय की साताऱ्याच्या त्या साहेबांनी चेहऱ्यावरून वय ओळखलं आणि ते चुकलं. आठवी-नववीत हे रोज घडतं. मीही केलंय. कितीतरी वर्षं मी वर्गाचा मॉनिटर उंच मुलांमधूनच निवडत होते. का, तर ते मोठे वाटायचे. एकदा सहा फुटाला टेकलेल्या एका मुलाला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "एवढा घोडा झालास, रडतोस काय?" तो तेराच वर्षांचा होता. त्याच्या आजोबांना दवाखान्यात नेलं होतं आदल्या रात्री. ते मला नंतर कळलं. म्हणून म्हटलं, रांगेत मागे उभ्या असणाऱ्यांसाठीपण. बारक्याला कुणी जबाबदारी देत नाही आणि उंचाला कुणी मूल राहू देत नाही.

आता मार्कांचं. उंचीचा आणि मार्कांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे आधी सांगते. पण आपल्याकडे मार्कांची लाज जरा जास्तच असते. आपलं कोकण बोर्ड 2012 पासून दहावीच्या निकालात राज्यात पहिलं. 2024 ला 99.01 टक्के, 2025 ला 98.82. अभिमान आहेच. पण ज्या गावात सगळेच पास होतात, तिथे चाचणीत वीसपैकी सहा पडलेल्या मुलाला तोंड कुठे लपवू असं होतं.

त्या मुलाला मी विचारलं, सहा कशात पडले? म्हणाला गणितात. पेपरचा फोटो मागवला. बैजिक राशींचे अवयव होते. त्याला पद्धत येत होती. पाच ठिकाणी चिन्ह चुकलं होतं, अधिकचं उणे. म्हणजे "मला गणित येत नाही" हे त्याने स्वतःबद्दल काढलेलं अनुमान साताऱ्याच्या साहेबांइतकंच चुकीचं!

त्याला मी एक काम दिलंय. एक शंभर पानी वही, फक्त चुकांची. डावीकडे आपण काय लिहिलं, उजवीकडे काय हवं होतं आणि खाली एका ओळीत, का चुकलं. रोज दोनच. नववीत गणिताची दोन पुस्तकं होतात, भाग एक आणि भाग दोन, तोपर्यंत ही वही सोबत ठेवायची. तुम्हीपण करून बघा आणि पहिल्या पानाचा फोटो मला पाठवा.

काल त्याचा परत मेसेज आला. वहीबद्दल एक अक्षर नाही. म्हणे, "बाई, बाबा दहावीच्या सुट्टीत उंच झाले. आजीने सांगितलं." आणि मागून आजीचा आवाज, "अरे, कपाटाला डोकं आपटायला लागला तेव्हा कळलं आम्हाला!"

चला, पाऊस वाढलाय आणि लाईट जायच्या आत हे अपलोड करते. पुढच्या भागात शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल तुम्ही विचारलेले प्रश्न घेऊ.