सहा महिन्यांचा कागद

टेबलापलीकडचा माणूस खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ ठेवून बसला होता. २०११ सालची गोष्ट. आमच्या महापालिकेत फायरमनची भरती चालू होती आणि उमेदवारांचे कागद तपासायला अग्निशामक दलाचा अधिकारी म्हणून मला बसवलं होतं. (शहराचं नाव सांगत नाही. निवृत्त झालो तरी पेन्शन तिथलीच खातो.)

उमेदवार देवगडकडचा. वय चौतीस. नौदलात पंधरा वर्षं काढून पेटी ऑफिसर म्हणून बाहेर पडलेला. फाइल अशी लावलेली की कागद शोधावाच लागू नये. डिस्चार्ज बुक, लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवरच्या शाळेचे दाखले, बोटीवरच्या अधिकाऱ्यांचे शेरे. मी पानं उलटत गेलो आणि जे हवं होतं ते मिळेना.

‘‘राज्याच्या केंद्राचा सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम?’’

‘‘तो नाही, सर.’’

‘‘जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय.’’

‘‘हो, सर. इंजिनरूम पेटली होती तेव्हा आम्ही चौघं आत उतरलो होतो. त्याचा वेगळा दाखला मिळत नाही.’’

यात उद्धटपणा नव्हता, तक्रारही नव्हती. त्यानं फक्त माहिती दिली. मी त्याच्या अर्जावर ‘अपात्र’ लिहिलं. नियम माझ्या बाजूनं होता आणि मी नियमाच्या बाजूनं होतो. तो उठला, ‘जय हिंद, सर’ म्हणाला आणि गेला.

त्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मग त्याला आत्ता तो कोर्स करू द्या ना.’’ बायकांना कारभारातली मेख पटकन कळते. कारण मेख तिथंच होती. माजी सैनिकाला नोकरीसाठी वयाची सवलत आहे. त्यानं सेवेत घालवलेली वर्षं आणि वर तीन धरतात. पण ज्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र आम्ही मागत होतो, तो होता विशी-पंचविशीतल्या पोरांसाठी. म्हणजे पुढचं दार त्याच्यासाठी मुद्दाम उघडं ठेवलेलं, आणि तिथवर जाणारा जिना काढून घेतलेला!

गंमत पुढेच आहे. पुण्याच्या दलात फायरमनच्या वरचा हुद्दा कोणता, ठाऊक आहे? तांडेल. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या. शिडी, दोर, पाणी आणि हुकूम ही आमची सारी रीत दर्याकडून आलेली. आम्ही दर्याचा हुद्दा घेतला, आणि दर्यावरून आलेला माणूस दारातून परत पाठवला.

बोटीवरची आग कशी असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पुढं त्याच्याच तोंडून ते नीट कळलं. जहाज म्हणजे पोलादी कप्प्यांची पेटी. एका कप्प्यात आग लागली की भिंतीपलीकडच्या कप्प्यातला रंग भाजू लागतो, मग तिथलं सामान पेटतं. म्हणून एक तुकडी आत आगीशी झुंजते आणि दुसऱ्या चारी बाजूंनी, वरून-खालून, शेजारच्या भिंती थंड करत राहतात. हवा कोंडायची, हॅच बंद करायचे, आणि पाणी मोजून मारायचं. पाणी मोजून का? १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या धक्क्याला नॉर्मांडी नावाचं अजस्र प्रवासी जहाज ठिणगी पडून पेटलं. बंबांनी आणि अग्निनौकांनी आग आटोक्यात आणली खरी, पण पोटात साठलेल्या पाण्यानं जहाजच कुशीवर कलंडलं. लोणावळ्याच्या शाळेत नाविकाला धुरात, काळोखात आणि पाणी भरत जाणाऱ्या कप्प्यात उभं करून हेच शिकवतात. बोटीवर बंब बोलावता येत नाही. बंब म्हणजे तुम्हीच.

आणि हे ज्ञान शहराच्या कामाचं नाही, असं आम्ही मुंबईकडच्यांनी तरी म्हणू नये. दरवर्षी १४ एप्रिलला आम्ही खाली मान घालून उभे राहतो, ते १९४४ साली व्हिक्टोरिया डॉकमध्ये गेलेल्या ६६ अग्निशामकांसाठी. फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा. मुंबईच्या दलानं दुपारभर पाणी ओतलं. जहाज तिथंच बुडवायचं की समुद्रात ओढून न्यायचं, हे कोणी ठरवायचं तेच शेवटपर्यंत ठरलं नाही. चार वाजून गेले आणि स्फोट झाला. नळीवरचे हात शेवटपर्यंत नळीवरच होते.

तो नाविक मला पुन्हा भेटला दोन वर्षांनी, औद्योगिक वसाहतीत. रात्री अकराला वर्दी आली, रंगाच्या कारखान्याला आग. आम्ही पोचलो तेव्हा गेटवर खाकी गणवेशातला वॉचमन उभा होता. त्यानं सलाम ठोकला आणि एका दमात सांगितलं. वीज तोडली आहे. आग मागच्या शेडमध्ये. शेजारच्या थिनरच्या टाकीवर पाणी चालू आहे, तिच्याकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद केलाय. शटर ओढून घेतलंय. पाळीचे अकरा कामगार बाहेर काढून मोजले आहेत. तीस वर्षांच्या नोकरीत अशी वर्दी मला कोणी दिली नव्हती. टॉर्च तोंडावर मारला आणि ओळखलं.

गोष्ट इथं संपवली असती तर ऐकायला छान वाटली असती. पण आत बारावा माणूस होता. माल घेऊन आलेल्या ट्रकचा क्लीनर शेडमागच्या गोदामात गोणपाटावर झोपला होता. तो कोणाच्या हजेरीवर नव्हता. माझ्या पोरांना त्याचं खोकणं ऐकू आलं. शटर उचकटून त्याला बाहेर ओढला तेव्हा अर्धा गुदमरला होता. वाचला.

पहाटे बंबाच्या पायरीवर आम्ही दोघं चहा घेत बसलो होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सर, बोटीवर माणसं मोजलेली असतात.’’

या एका वाक्यात सगळं आलं. बोटीवर कोण कुठं आहे याची यादी असते. शहरात नसते. पोटमाळ्यावर कोण झोपलंय, आतल्या खोलीतली आजी देवघर सोडून यायला तयार आहे का, गॅसची टाकी भरलेली आहे की रिकामी, वरून जाणाऱ्या तारेत वीज आहे का, बघ्यांची गर्दी बंबाला वाट देईल का, हे नौदलाची शाळा शिकवत नाही. आम्ही शिकवतो. हुक लॅडर खांद्यावर घेऊन मजले चढणं, रस्त्यावरचा हायड्रंट, वाड्यातला लाकडी जिना, हे त्यानं शिकायलाच हवं होतं. त्याच्याकडं सहा महिन्यांचा कागद मागण्यात आमची पूर्ण चूक नव्हती. चूक अशी की, पंधरा वर्षांचं मोल आम्ही शून्य धरलं. त्याला काय येतं हे कोणी पाहिलंच नाही. परीक्षा घेऊन नापास केलं असतं तर निदान न्याय झाला असता!

असं पाहता येतं. आपल्याच देशात, त्याच नाविकांच्या बाबतीत पाहिलं गेलंय. २०२० साली नौदल आणि नौवहन महासंचालनालय यांनी मिळून ठरवलं की, नौदलातली सेवा आणि प्रशिक्षण व्यापारी जहाजांवरच्या प्रमाणपत्रासाठी धरायचं, आणि कमी असेल तेवढेच कोर्स करून घ्यायचे. अमेरिकेत टेक्सासमधल्या गुडफेलो हवाई तळावर सर्व सैन्यदलांचे अग्निशामक एकत्र शिकतात आणि मुलकी मानकांवर परीक्षा देऊन तसंच प्रमाणपत्र घेऊन निघतात. तिथंही सगळं सुरळीत नाही. काही राज्यं वर आपली परीक्षा घेतात, बरीच दलं रुग्णसेवेचं वेगळं प्रमाणपत्र मागतात. पण बोलणं ‘काय कमी आहे’ इथून सुरू होतं. आपल्याकडंही लष्करातला कोणता ट्रेड मुलकी कोणत्या ट्रेडच्या तोडीचा, याची यादी केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयानं काढलेली आहे. मात्र जाहिरातीत ठरावीक अभ्यासक्रमाचं नाव छापलं की ती यादी उघडतो कोण? मी उघडली नव्हती.

माझ्या मते दोन महिने पुरतात. शिडी, इमारत, गॅस, गर्दी, कायदा. आणि शेवटी तीच परीक्षा, जी इतर पोरं देतात. त्यात सवलत नको. विमानतळावरचा फोम मारणारा हवाई दलाचा माणूस असो की दारूगोळ्याच्या कोठारावरचा. (पुलगावला २०१६ साली कोठार पेटलं, तेव्हा मृतांत बहुतेक तिथलेच अग्निशामक होते.) प्रत्येकाची उणीव वेगळी, म्हणून आधी तपासणी हवी.

मी निवृत्त झालो तोवर तो नाविक सुट्टीच्या दिवशी आमच्या केंद्रावर येत असे. माझी पोरं त्याला शिडी शिकवत आणि तो त्यांना भिंतीच्या पलीकडून आग कशी बांधायची ते. हे कुठल्याच रजिस्टरात नाही. तो अजून कारखान्यातच आहे, आता सुरक्षा पर्यवेक्षक.

गेल्या महिन्यात मुलाला घेऊन घरी आला होता. मुलगा अठराचा, बापासारखाच ताठ बसणारा. त्याच्या मनात अग्निवीर म्हणून नौदलात जायचं आहे. चार वर्षं, मग चारांतला एक आत, बाकीचे बाहेर. बाहेर पडल्यावर बंबावर चढायची त्याची इच्छा. चहा होईपर्यंत गप्प बसला, मग विचारलं, ‘‘काका, आधी कुठला फॉर्म भरू?’’

बाप माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, ‘‘आधी सांताक्रूझचा भर. सहा महिन्यांचा.’’