पहिलीच्या उंबरठ्यावर

बालाघाटच्या आमच्या सरकारी शाळेत प्रवेशाच्या दिवशी गुरुजी हिंदीत म्हणाले, ‘आज से तुम्हारी शिक्षा शुरू.’ मराठी घरातले एक पोर रडू लागले. त्याच्या घरी शिक्षा म्हणजे छडी! आम्ही हसलो, आणि ‘अद्याप तयारी नाही’ असा शेरा मारून मोकळे झालो. तो शेरा आम्हांस अजून टोचतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत स्तर मानला आहे. सहाव्या वर्षी पहिली, तत्पूर्वी तीन वर्षांचे बालशिक्षण, आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा. कागदात खोट काढावी असे काही नाही. पण तयारी कोणी करावयाची, मुलाने की शाळेने?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने हे नाव देशभर पोहोचविले.

आमच्या जिल्ह्यात घरोघरी पोवारी, गोंडी, मराठी. शाळा मात्र हिंदी. आता नव्या मुलाचे नाव आम्ही त्याच्याच बोलीत विचारतो. गोंडीतली चार वाक्ये अंगणवाडीच्या ताईंनी शिकविली. आमचे उच्चार चुकतात, आणि पोरे खुशाल हसतात.