उष्णता सोसणारं रेझिन आणि ते हाताळणारे हात

बोइंग ७८७ च्या सांगाड्याचा वजनाने जवळपास निम्मा भाग संमिश्रांचा, म्हणजे मुख्यतः रेझिनने बांधलेल्या कार्बन तंतूंचा असतो. हे रेझिन बहुतेक ठिकाणी इपॉक्सी असतं. पण साधारण १८० अंश सेल्सिअसच्या पुढे ते ढिलं पडतं आणि जेट इंजिनाच्या गरम भागांजवळ त्याचा निभाव लागत नाही. तिथे टायटॅनियम वापरावं, तर त्याची घनता जवळजवळ तिप्पट. क्लीव्हलँडच्या नासा प्रयोगशाळेत टिटो सेराफिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कोंडी फोडली. त्यांचं पीएमआर-१५ हे पॉलिइमाइड २८८ अंशांना हजारो तास टिकतं. एफ-४०४ इंजिनाचा बाहेरचा डक्ट टायटॅनियमऐवजी त्याचा करता आला. हे यश मोठंच होतं. तरीही रेझिनची पारख केवळ तापमानाच्या आकड्यावर करू नये, हे मला त्याच पीएमआर-१५ च्या इतिहासावरून पटतं.

आधीच्या पॉलिइमाइडांना चिवट द्रावक लागत. ते आत अडकून भागात पोकळ्या राहत. सेराफिनींच्या चमूने मूळ घटकच मिथेनॉलमध्ये विरघळवले, त्यात तंतू भिजवले आणि साखळ्या तंतूंवरच जुळू दिल्या. ही कल्पना फार सुंदर होती, पण धोकाही तिच्यातच होता. कारागीर ज्या चिकट कापडाचे थर हाताने रचतो, त्यात एमडीए हे अमाइन मोकळं असतं. ते कातडीतून शरीरात शिरतं, यकृताला इजा करतं आणि कर्करोगाचं कारण ठरू शकतं. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या एपिंग इथे वाहनात सांडलेलं एमडीए पिठात उतरलं आणि त्या पिठाचा पाव खाऊन ८४ जणांना कावीळ झाली. म्हणजे पीएमआर-१५ तयार होण्याआधीच धोका ठाऊक होता.

भट्टीतून निघालेल्या भागात एमडीए बांधलं गेलेलं असतं, मग हातमोजे आणि हवेशीर जागा पुरे, असं कोणी म्हणेल. पण अमेरिकेने १९९२ मध्ये एमडीएची कामाच्या जागेच्या हवेतली मर्यादा अब्जात १० भाग इतकी कडक ठरवली, ती उगीच नव्हे. आणि फाटलेला हातमोजा हवेच्या मोजणीत दिसत नाही. पर्यायी रेझिनं उष्णतेत कमी पडतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र नासाच्याच लँग्ली केंद्रातल्या पीईटीआय-३३० मध्ये एमडीए नाही. इमाइड बनण्याची क्रिया आधीच उरकलेली असते. कोरडे तंतू बंद साच्यात ठेवून वितळलेलं रेझिन आत सोडतात. ते पक्कं व्हायला ३७१ अंश लागतात, त्यामुळे खर्च वाढतो. पण जुनं रेझिनही आता स्वस्तात पडत नाही: युरोपात २०१४ पासून एमडीए वापरायला खास परवानगी लागते.