लोगोवर अडकलेलं मशीन

जुनी हार्ड डिस्क काढली, एसएसडी बसवली, सगळा डेटा क्लोन करून घेतला आणि बटण दाबलं. पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो आणि मशीन तिथेच थांबतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांना ही तक्रार ओळखीची आहे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘नवी डिस्क खराब निघाली.’ जाणता कारागीर आधी विचारतो, ‘अडकतंय कुठे?’ या कामातलं निम्मं कसब या प्रश्नात आहे, असं माझं मत आहे.

कॉम्प्युटर टप्प्याटप्प्याने जागा होतो. एक छोटा प्रोग्रॅम त्याहून मोठ्याला उठवतो, तो पुढच्याला. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी १० एमबीची डिस्क घेऊन आला, आणि त्याच्यासोबतच्या डॉस २.० ने डिस्कच्या पहिल्या सेक्टरला ठरावीक मांडणी दिली. हा सेक्टर अवघा ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट सूचनांसाठी, पुढचे ६४ चार पार्टिशनच्या नोंदींसाठी आणि शेवटचे दोन सहीसाठी. बायोस, म्हणजे मशीन सुरू होताच मदरबोर्डवरून चालणारा पहिला प्रोग्रॅम, हा सेक्टर मेमरीत उचलतो, सही पाहतो आणि कारभार त्याच्या हाती देतो. क्लोन करताना फायली तेवढ्या आल्या आणि हे ५१२ बाइट मागेच राहिले, तर फोटो, हिशेब, पत्रं सगळं शाबूत असूनही काळ्या पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत राहतो.

त्या मांडणीत सेक्टरचा पत्ता ३२ बिटांचा होता, म्हणून सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा तिला दिसत नाही. आताच्या मशीनमध्ये तिच्या जागी जीपीटी आणि बायोसच्या जागी यूईएफआय आहे. यूईएफआय फॅट३२ मधल्या एका छोट्या पार्टिशनमधली फाइल चालवतो. कुठल्या पार्टिशनमधली कुठली फाइल, ही नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते आणि त्या नोंदीत पार्टिशनचा ओळखक्रमांकही असतो. नव्या डिस्कवर पार्टिशन नव्याने केलं की क्रमांक बदलतो, आणि मशीन काढून टाकलेल्या डिस्कचाच शोध घेत बसतं.

लिनक्समध्ये हा शोध डोळ्यांना दिसतो. पडद्यावर एक ओळ येते, अमुक क्रमांकाच्या डिस्कची वाट पाहतोय, आणि शेजारी सेकंद सरकत राहतात. बहुतेक ठिकाणी मुदत दीड मिनिटाची असते. ती संपली की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. दोष असतो ‘एफएसटॅब’ नावाच्या फाइलमधल्या एका ओळीत: डिस्क गेली, तिची नोंद राहिली. ओळ दुरुस्त केली की काम झालं.

विंडोज लोगोपर्यंत येऊन निळ्या पडद्यावर कोसळत असेल, तर बायोसमधला (यूईएफआयच्या सेटिंग्जनाही लोक बायोसच म्हणतात) साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड बघावा. तो बदलला गेला असेल, तर डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर वेळेवर हजर नसतो. अशा वेळी एकदा सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर पुष्कळदा गाडी रुळावर येते.

आणि लोगोच हलत नसेल, बायोसमध्येही शिरता येत नसेल, तर सॉफ्टवेअरकडे बघूच नये. मशीन बंद करून नव्या डिस्कची केबल काढावी आणि पुन्हा सुरू करावं. बायोस लगेच उघडला, तर संशय डिस्क, केबल किंवा पोर्टवर. केबल स्वस्त असते, म्हणून आधी तीच बदलावी. अनेक मदरबोर्डवर एम.२ ची खाच वापरली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. तो कुठला, हे पुस्तिकेत दिलेलं असतं.

दुरुस्तीला घाई करणारे इथे विंडोज नव्याने टाकून मोकळे होतात. मला ते पटत नाही. दोष केबलचा असेल तर तो तसाच राहतो आणि माणसाची मांडून ठेवलेली सगळी कामं मात्र जातात. क्लोन केल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना दोन्ही डिस्क एकत्र जोडू नयेत. दोघींचे क्रमांक सारखे असले तर मशीन गोंधळतं. जुनी डिस्क कपाटात ठेवावी, आणि नवी डिस्क काही दिवस बिनतक्रार चालल्याशिवाय जुनी फॉरमॅट करू नये.