शिवाराचा नकाशा कोणी काढायचा?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत विकास आराखडा मागितला तर तो मिळतो. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी 2015 पासून थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला, तेव्हा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात प्रत्येक गावाने आपला आराखडा स्वतः करायचा असं ठरलं आणि ती पद्धत आता रुळली आहे. त्यात अंगणवाडीची खोली असते, गटाराचं काम असतं, पेव्हर ब्लॉक असतात, सौर दिवे असतात आणि प्रत्येक कामापुढे रक्कम असते. शिवार मात्र त्यात कुठेच नसतं. कोणती जमीन पुढची वीस वर्षं शेतीखालीच ठेवायची, नवी घरं कोणत्या अंगाला वाढू द्यायची, ओढ्याच्या दोन्ही काठांना किती जागा मोकळी सोडायची, विहिरींना पाणी पुरवणारा माळ कोणता आणि तिथे काय होऊ द्यायचं नाही, या प्रश्नांना त्या आराखड्यात जागाच नाही. पैसा कुठे खर्चायचा हे गाव ठरवतं. जमीन कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार गावाकडे नाही. तो गावाकडे यायला हवा, कायद्याच्या बळासह यायला हवा, असं मला वाटतं.

ही उणीव थेट राज्यघटनेपासून सुरू होते. 1992 मध्ये त्र्याहत्तरावी आणि चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती जोडीने झाली; पहिली पंचायतींसाठी, दुसरी नगरपालिकांसाठी. नगरपालिकांकडे सोपवायच्या 18 विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत आहे आणि तिच्यात दुसऱ्याच क्रमांकावर ‘जमीन वापराचं व बांधकामाचं नियमन’ आहे. पंचायतींच्या 29 विषयांच्या अकराव्या अनुसूचीत शेती आहे, मृदसंधारण आहे, पाणलोट विकास आहे, पण जमीन वापराचं नियमन नाही. ज्यांचं पोटच जमिनीवर आहे त्यांना त्या यादीत हा विषय मिळाला नाही. घटनेने एक दार उघडं ठेवलं होतं. जिल्हा नियोजन समितीने गावांच्या आणि शहरांच्या योजना एकत्र करताना जागेचं नियोजन, पाण्याची वाटणी यांचा विचार करावा, असं कलम 243 झेडडी सांगतं. प्रत्यक्षात आपल्याकडे या समितीची बैठक म्हणजे निधीवाटपाची बैठक झाली आहे. मग गावाच्या जमिनीचा विचार करतं कोण? 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली होणारी प्रादेशिक योजना. तिच्या जिल्हाभराच्या नकाशात गाव नखाएवढं दिसतं आणि बहुतेक शिवार ‘शेती विभाग’ या एकाच रंगात रंगवलेलं असतं. काळीची जमीन, मुरमाड माळ, ओढ्याकाठची मळई या सगळ्यांना एकच रंग. त्या शेती विभागातही पेट्रोल पंप, गोदामं, पर्यटन केंद्रं अशा कितीतरी वापरांना नियमांत वाट आहे.

त्यामुळे प्रत्यक्ष निर्णय होतो तो गटागटाने. एका गटाचा मालक अर्ज करतो, त्या गटापुरते कागद तपासले जातात, परवानगी मिळते. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला तर जमीन महसूल संहितेतल्या अलीकडच्या दुरुस्त्यांनंतर स्वतंत्र बिगरशेती परवानगीचीही गरज उरलेली नाही. ठरलेला कर भरला की काम होतं. सामान्य माणसाच्या खेपा वाचल्या, हे चांगलंच झालं. पण हे 200 मीटर मोजताना खाली कोणती माती आहे आणि पाणी कुठून वाहतं हे कोणी पाहत नाही. जुनी गावं पांढरीवर वसली आणि काळी पिकांसाठी राखली गेली. आज गावठाणाभोवती सगळ्या बाजूंनी सारखंच अंतर धरलं, तर एका बाजूला न पिकणारा माळ असेल आणि दुसऱ्या बाजूला गावातली सर्वांत जुनी बागायत. नियमाला दोन्ही सारखेच.

याचा परिणाम कसा होतो ते एका ओढ्यावर पाहता येतं. डांबरी सडकेलगतचं चार एकरांचं रान विकलं जातं. घेणारा त्यावर मुरूम टाकून ते दोन-तीन फूट उचलतो, प्लॉट पाडतो, कडेने तारेचं कुंपण घालतो. सातबाऱ्यावर त्या गटात थोडा पोटखराबा लागलेला असतो, म्हणजे पिकाखाली न येणारी जागा. बऱ्याचदा ती ओहोळाची असते. प्लॉटच्या आखणीत हा ओहोळ सरळ केला जातो आणि आत जायच्या रस्त्याखाली त्याला एक सिमेंटचा पाइप मिळतो. पहिल्या जोराच्या पावसात तो पाइप काडीकचऱ्याने तुंबतो आणि पाणी वरच्या शेतांत फुगतं. असं दोन-चार वर्षं झालं की वरच्या शेतकऱ्याची जमीन चिबड होते, मीठ फुटायला लागतं, ऊसही पिवळा पडतो. आपलं नुकसान झालं हे त्याला कळतं, पण दाद कुणाकडे मागायची? प्लॉटवाल्याकडे त्याच्या गटाची परवानगी आहे. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम आहे, तोही 1906 चा, आणि त्याखालची प्रकरणं तहसील कचेऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. एकेका गटाची परवानगी कायदेशीर असते आणि सगळ्या परवानग्या मिळून शिवाराची घडी मोडते. मग मागाहून नियमितीकरण येतं. गुंठेवारीचा कायदा 2001 मध्ये आला तो आधी झालेले बेकायदा तुकडे पदरात घेण्यासाठी. 2021 मध्ये त्याची मुदत 2020 अखेरपर्यंतच्या तुकड्यांपर्यंत वाढवली गेली. ज्यांनी पोटाला चिमटा काढून गुंठा-दोन गुंठे घेतले त्यांना उघड्यावर टाकता येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण वीस वर्षांनी पुन्हा तीच माफी द्यावी लागते, कारण घर कुठे बांधायचं हे त्या माणसाला आधी कोणी सांगितलेलंच नसतं.

गावाने मिळून ठरवलं तर काय होतं, याचं महाराष्ट्रातलं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. त्याची कथा बहुधा झाडं लावण्याची आणि श्रमदानाची म्हणून सांगितली जाते. मला ती जमीन वापराच्या नियोजनाची कथा वाटते. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा पर्जन्यछायेतलं हे गाव उजाड होतं. गावाने आधी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून डोंगरउताराचा वापर ठरवला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर आणि बांध घालून पाणी मुरवलं. आणि नंतर, बहुतेक गावं जिथे थांबतात त्याच्या पुढे जाऊन, मुरलेल्या पाण्याचा वापर ठरवला. सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, जमीन बाहेरच्याला विकायची नाही. पावसाळा संपला की पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. पावसाचं पाणी अडवण्याची कामं राज्यात हजारो गावांनी केली. त्यातल्या कित्येक गावांत तेच पाणी पुढच्या पाच वर्षांत नव्या बोअरनी उपसून काढलं, कारण अडवण्याचं काम सामूहिक होतं आणि उपसण्याचा निर्णय ज्याचा त्याचा राहिला.

यावर पहिला आक्षेप असा की हिवरे बाजार पोपटरावांमुळे झालं आणि प्रत्येक गावाला पोपटराव मिळत नाहीत. खरं आहे. माझा मुद्दा यानेच पक्का होतो. तिथले नियम गावाच्या एकमतावर आणि एका माणसाच्या पुण्याईवर उभे आहेत. उद्या कोणी ठरवून मोडले तर ग्रामसभेच्या ठरावापलीकडे गावाच्या हाती फारसं काही नाही. भूजलाचा कायदा राज्याने 2009 मध्ये केला, तो 2014 पासून लागू आहे, 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत; पण गावाने स्वतः आखलेल्या नियमांना पाठबळ देण्याइतका तो अजून गावापर्यंत पोचलेला नाही. नुसता नकाशा असून भागत नाही, हे गोव्याने दाखवून दिलं. तिथला 2011 सालासाठीचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनामुळे 2007 मध्ये रद्द झाला. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यदलाने 2021 साठीचा आराखडा हाती घेतला आणि त्याचे नकाशे पंचायतींपर्यंत पाठवले. खाडीकाठचं खाजन कुठे, सड्यावरचं रान कुठे, वस्ती कुठे, याच्या हरकती आणि सूचना गावागावांत लिहिल्या गेल्या. इतक्या तळापर्यंत गेलेली प्रक्रिया देशात विरळाच. पण पुढे कायद्यात अशा दुरुस्त्या झाल्या की एकेका भूखंडाचा विभाग अर्जावर बदलता येऊ लागला. शेवटी मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला त्यातल्या एका तरतुदीखालचे नियम रद्द करावे लागले. गावाने दिवस-दिवस बसून केलेला नकाशा एका अर्जाने बदलता येत असेल, तर पुढच्या वेळी गाव बसायलाच येणार नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. राज्यातलं सरासरी जमीनधारण 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं, 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टर झालं. एवढ्याशा रानात भाव मिळाला नाही, दवाखाना आला, पोरांच्या शिक्षणाचा खर्च आला, तर मोडायला हातात फक्त जमीन आहे. तिच्यावर ‘कायम शेती’ असा शिक्का बसला की तिची किंमत पडली. गावाच्या हितासाठी मीच का मरायचं? हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. मात्र आजची व्यवस्था त्याला मोकळीक देते हा समज चुकीचा आहे. शेती विभागाचा शिक्का त्याच्या जमिनीवर आजही आहे, फक्त तो ज्याची वर ओळख आहे त्याच्यासाठी पुसला जातो. रिंग रोड कुठून जाणार हे एजंटला आधी कळतं, शेतकऱ्याला जमीन विकून झाल्यावर. गावाच्या भिंतीवर लावलेला नकाशा निदान ही माहिती सर्वांना एकाच दिवशी देईल. शिवाय वाढ होणारच असेल तर तिचा फायदा वाटून घेण्याची रीत आपल्याकडे शंभर वर्षांपासून आहे. 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासून चालत आलेल्या नगररचना परियोजनेत सगळे मालक आपली जमीन एकत्र करतात, रस्त्यांना आणि मोकळ्या जागांना सर्वांचा ठरावीक वाटा जातो आणि प्रत्येकाला आखीव भूखंड परत मिळतो. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र ठेवून स्वतःच भागधारक होणं पसंत केलं. गावठाण वाढवतानाही हे करता येईल. ज्यांच्या रानातून पाणी मुरतं म्हणून ते रान मोकळं ठेवायचं, त्यांना मोबदला देणारी तरतूद मात्र आज नाही. बिगरशेती रूपांतरातून येणाऱ्या रकमेचा काही हिस्सा गावातच ठेवून तो अशा शेतकऱ्यांना दरवर्षी द्यावा, असं मला वाटतं. तसं न करता नुसती बंदी घालणारा आराखडा अन्यायाचा होईल आणि तो टिकणारही नाही.

गायरानाचा प्रश्न याहून अवघड आहे. जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करून ग्रामसभांकडे परत द्यायला सांगितलं. तत्त्व बरोबर आहे. पण मराठवाड्यात गायरान कसणारे बरेचसे लोक भूमिहीन दलित आहेत. रिपब्लिकन नेते दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 1964 मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, त्यातून या कसणुकीला बळ मिळालं आणि ठरावीक तारखांपर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचे आदेश सरकारने स्वतः काढले. अशा गावात नकाशा काढायला बसणारे सगळे बागायतदार असतील, तर पहिली रेघ गायरानातल्या झोपडीवर ओढली जाईल ही भीती अगदी खरी आहे. म्हणून कायद्यात क्रम पक्का हवा: आधी कोण काय कसतं याची नोंद, त्यावर कसणाऱ्याची सही किंवा अंगठा, मग नकाशा. आणि ग्रामसभेआधीची महिला सभा खरोखर भरवायची. सरपण, चारा आणि पाणी कुठून येतं, हे तिथे बसलेल्यांना नेमकं सांगता येतं.

गावाकडे तज्ज्ञ नाहीत, हा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. मातीची पाहणी आणि जमीन वापराचं नियोजन करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, सुदूर संवेदन केंद्रही तिथेच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा गावोगावच्या निरीक्षण विहिरी मोजते. 2021 पासून ई-पीक पाहणीत गटागटाचं पीक नोंदलं जातं आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे नकाशे झाले आहेत. हे सगळं वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून आहे. ते एका कागदावर आणून गावापुढे ठेवणं हे तालुक्याला दोन माणसं दिली तर होण्यासारखं काम आहे. कायदाही फार मोठा लागणार नाही. ग्रामसभेने मंजूर केलेला शिवाराचा नकाशा प्रादेशिक योजनेचा भाग मानावा, त्यातला कोणताही बदल पुन्हा ग्रामसभेपुढेच यावा आणि वरच्या अधिकाऱ्याने तो नाकारला तर त्याची कारणं लेखी द्यावीत, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. तोवर थांबायचंही कारण नाही. दरवर्षी 1 मे रोजी ग्रामसभा असते. त्या सुमारास ओढे कोरडे असतात, रानं मोकळी असतात आणि कुठला ओहोळ कुणी बुजवला, कुठली पाणंद किती उरली हे शिवारफेरीत चालता चालता दिसतं. भूमी अभिलेखकडून गाव नकाशाची मोठी प्रत घ्यायची आणि निदान पाण्याच्या वाटा व पाणंदी तरी त्यावर लाल शाईने काढून ठरावासोबत जोडायच्या. पुढच्या वर्षी एखाद्या गटाच्या प्लॉटिंगचा अर्ज तहसीलमध्ये गेला, तर हरकत घ्यायला गावाजवळ तेवढा एक कागद असेल.