आजारानंतर दम कमी पडतो: दोष विषाणूचा की अंथरुणाचा?

डेंग्यू, फ्लू किंवा कोविडमधून उठलेला खेळाडू मैदानावर परत येतो आणि त्याची धावण्याची वेळ घसरलेली असते. "व्हायरसने पार वाट लावली," असं आपण सहज म्हणून जातो. पण तुम्हाला याच विषयावर संशोधन करायचं असेल, तर इथेच थांबा. आजारात दोन गोष्टी एकदम घडतात: विषाणू शरीरात शिरतो आणि सराव बंद पडतो. मग घसरण नेमकी कशामुळे झाली? नुसती आधीची आणि नंतरची वेळ मोजून याचं उत्तर मिळत नाही.

विषाणू नसतानाही दम जातो

१९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं गेलं. ताप नाही, संसर्ग नाही, फक्त झोपून राहायचं. आधी आणि नंतर त्यांचा व्हीओटू मॅक्स मोजला. पूर्ण जोर लावल्यावर शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचं हे माप. ते सरासरी ३.३ लिटरवरून २.४ लिटरवर आलं, म्हणजे सुमारे २७ टक्के घट. याच पाच जणांना ३० वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा होता २.९ लिटर. बघा, तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जितकं नुकसान केलं तितकं ३० वर्षांच्या वयानेही केलं नाही! झोपून राहिल्यावर रक्तातला द्रव भाग कमी होतो, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलतं. घटीचं मोठं कारण हेच.

आता दुसरा अभ्यास, १९८४ चा. दमदार सराव असलेल्या सात जणांनी सराव सोडला, पण रोजचं चालणं-फिरणं चालू ठेवलं. तीन आठवड्यांत त्यांचा व्हीओटू मॅक्स ७ टक्क्यांनी घटला आणि आठ आठवड्यांनी १६ टक्क्यांवर स्थिरावला.

दोन्ही अभ्यासांतली माणसं वेगळी आहेत, त्यामुळे ७ आणि २७ ची थेट वजाबाकी करू नका. पण एक गोष्ट लक्षात घ्या. "तीन आठवडे विश्रांती" एवढी नोंद पुरेशी नाही. त्यातले किती दिवस माणूस पूर्ण झोपून होता आणि किती दिवस घरात वावरत होता, हे वेगळं लिहायला हवं.

मग विषाणूचा वाटा काहीच नाही का?

आहे, आणि तो गंभीर असू शकतो. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात. १९७० च्या सुमारास उंदरांना कॉक्सॅकी बी-३ विषाणूची लागण करून पोहायला लावलं गेलं, तेव्हा हृदयाचा आजार जास्त बळावला. तापात व्यायाम नको, या सल्ल्यामागे असे प्रयोग आहेत.

कोविडच्या काळात हा प्रश्न खेळाडूंच्या करिअरपर्यंत पोहोचला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचा एमआरआय केला, त्यात चौघांमध्ये मायोकार्डायटिसची चिन्हं दिसली: १५ टक्के. मोठीच खळबळ उडाली. पण २०२१ मध्ये ७८९ व्यावसायिक खेळाडूंच्या अभ्यासात हृदयाची सूज फक्त पाच जणांत सापडली: ०.६ टक्के.

खरं कोण? दोघांनी मोजलंच वेगवेगळं! पहिल्या अभ्यासात सगळ्यांचा एमआरआय झाला, पण संख्या लहान होती आणि कोविड न झालेल्या खेळाडूंचा कंट्रोल ग्रुप नव्हता. जोरदार सरावाने हृदयात बदल होतातच, मग एमआरआयवर दिसलेलं सगळं विषाणूचंच, हे कसं ठरवणार? दुसऱ्या अभ्यासात आधी ईसीजी, इको आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी झाली आणि ज्यांच्यात काही वावगं दिसलं त्यांनाच पुढे एमआरआयला पाठवलं. तिसऱ्या एका अभ्यासात १,५९७ खेळाडूंचा एमआरआय केला, तेव्हा ३७ जण सापडले, म्हणजे २.३ टक्के. फक्त लक्षणांवरून शोधलं असतं, तर त्यातले पाचच हाती लागले असते.

हा नुसता आकड्यांचा खेळ नाही. मायोकार्डायटिसचं निदान झालं की साधारण तीन ते सहा महिने खेळ बंद. निदान चुकीचं असेल तर एक सीझन वाया जातो. खरं असूनही हुकलं तर खेळाडू मैदानावरच कोसळू शकतो.

तुम्ही अभ्यास आखताना

समजा, पोलीस भरतीसाठी १६०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलांवर डेंग्यूचा परिणाम तुम्हाला बघायचा आहे. मग एवढं करा:

१. पावसाळ्याआधीच सगळ्यांची वेळ मोजून ठेवा. "आधी चांगला पळायचो" ही आठवण म्हणजे डेटा नव्हे.

२. डेंग्यू न होता, पाय मुरगळून किंवा परीक्षेमुळे तितकेच दिवस सराव सुटलेल्यांचा कंट्रोल ग्रुप घ्या. मात्र दुखरा पाय स्वतःच वेळ बिघडवू शकतो, त्याची वेगळी नोंद ठेवा.

३. तापाचे दिवस, अंथरुणातले दिवस आणि सराव बुडालेले दिवस हे तीन वेगळे रकाने करा.

४. मैदानावर परत न आलेल्यांनाही शोधा. ज्यांना अजून थकवा आहे तेच गळाले, तर उरलेल्यांचे आकडे उगाच छान दिसतील.

५. छातीत दुखणं, धडधड, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप असेल, तर धावण्याची चाचणी घेऊ नका. आधी डॉक्टर. हा नियम एथिक्स कमिटीच्या अर्जातच लिहा.

आता आजारानंतरच्या कामगिरीवरचा कुठलाही एक पेपर उघडा आणि निष्कर्ष वाचायच्या आधी दोन गोष्टी शोधा: तुलना कोणाशी केली, आणि तपासणी कोणाकोणाची झाली. ही दोन उत्तरं वहीत लिहा, मगच टक्केवारीकडे वळा.