वृषभावती : सुकणारी नदी बारमाही झाली, त्याची गोष्ट

बेंगळुरू शहाजीराजांची जहागीर. त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी 1669 साली इथल्या काडु मल्लेश्वराला गाव इनाम दिलं. देवळासमोर नंदीतीर्थ आहे. तिथे नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या पिंडीवर अखंड पडते. वृषभावती इथून निघते असं मल्लेश्वरमचे लोक मानतात. बसवनगुडीच्या लोकांना विचारलं तर उगम त्यांच्या दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे मोठ्या नंदीच्या, पायाशी. वाद उगमाचा असला तरी नाव दोन्हीकडे नंदीचंच.

दोघांचंही खरं असू शकतं, कारण शहर वसलंय ते साधारण 900 मीटर उंचीच्या पाणलोटाच्या माथ्यावर. पूर्वेचं पाणी दक्षिण पिनाकिनीला जातं, पश्चिमेचं वृषभावतीतून अर्कावतीला आणि पुढे संगम नावाच्या ठिकाणी कावेरीला. माथ्यावर मोठी नदी कुठली असणार? म्हणून शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळापासून ओढे अडवून तळी बांधली गेली. वृषभावतीच्या खोऱ्यातलं केंपांबुधी त्यातलंच. पावसाळ्यात तळी सांडली की नदी वाहायची, उन्हाळ्यात सुकायची.

शहराची तहान वाढली तशी नजर नंदी डोंगरातून येणाऱ्या अर्कावतीकडे वळली. 1894 मध्ये हेसरघट्टा तलाव झाला. 1933 मध्ये कुमुद्वती जिथे अर्कावतीला मिळते, तिथे तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण उभं राहिलं. तेही पुरेना, तेव्हा 1974 पासून कावेरीचं पाणी येऊ लागलं: शंभरेक किलोमीटर लांबून, सुमारे पाचशे मीटर उपसून.

त्यानंतर दोन्ही नद्यांचं नशीब उलटलं. अर्कावतीचं वरचं पात्र आटलं. अभ्यासकांनी पावसाचे आकडे तपासले, तर पाऊस काही फारसा घटला नव्हता. बोअरवेलचा उपसा, निलगिरीची लागवड आणि ओढ्यांवरचे जागोजागचे बांध, यांनी पाणी नदीपर्यंत पोचूच दिलं नाही. वृषभावतीला मात्र पावसाची गरजच उरली नाही. घराघरांतून वापरलेलं कावेरीचं पाणी, कारखान्यांचं सांडपाणी तिच्यात उतरू लागलं आणि ती भर वैशाखात दुथडी वाहू लागली. म्हैसूर रोडवर गाळी आंजनेयाच्या देवळापाशी पश्चिमवाहिनी तिला मिळते. संगमाची जागा म्हणून कधीकाळी मान असलेल्या त्या पात्राला आज काँक्रीटच्या भिंती आहेत. पुढे लोक तिला सरळ ‘केंगेरी मोरी’ म्हणतात. भैरमंगलाच्या जलाशयात तिचा फेस तरंगतो, आणि त्याच पाण्यावर खालच्या गावांची शेती चालते.

उन्हाळ्यात अर्कावतीत पाणी दिसतं ते वृषभावती मिळाल्यानंतरच. म्हणजे शहराने कावेरीतून उचललेल्या पाण्याचा काही भाग याच वाटेने, घाण होऊन, कावेरीला परत जातो. वृषभावती शुद्ध करायच्या योजना बऱ्याच निघाल्या. पण तिला पूर्वीची नदी करायचं, तर सांडपाणी आधी पुरतं थांबवावं लागेल. आणि तसं झालं, तर ती उन्हाळ्यात पुन्हा कोरडी पडेल. ते कोरडं पात्र नदी म्हणून जपायची तयारी शहराची आहे का, हे कुठल्याच योजनेत विचारलं जात नाही.